पिरोगीचे बाबा

मी मत्सरी माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत ऐकली की लोकांचा तसा समज होतो. माझी बायको डार्लीन हिचा तर लग्नाच्या आधीपासून आहे. शेजारच्या वेंडेल आमुंडसनच्या परसातलं गवत आमच्या गवतापेक्षा हिरवं आहे, याचं मला कधीच काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे गवतच नाही. आम्ही एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या वाट्याला जी गॅलरी आली आहे तिच्यात एक खुर्ची, एक टोमॅटोची कुंडी आणि मी, या तिघांपैकी कोणतेही दोघे मावतात. वेंडेलकडे चारी बाजूंनी कुंपण घातलेलं परस आहे, सफरचंदाचं झाड आहे, गवतावर गोल फिरणारं कारंजं आहे. असू दे. मला खुपत होतं ते एवढंच, की आमची कुत्री त्याच्यावर जीव टाकत होती.

तिचं नाव पिरोगी. आमची आजी बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या करायची, त्यांना आम्हा पोलिश लोकांत पिरोगी म्हणतात. बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणली तेव्हा ही तशीच दिसत होती, मध्ये फुगलेली आणि कडांना दुमडलेली. जात विचारली तर तिथल्या बाईंनी "बहुधा बीगल" असं सांगितलं होतं, आणि 'बहुधा'वर जरा जास्त जोर दिला होता. तिचं खाणं माझ्याकडे, आंघोळ माझ्याकडे, विस्कॉन्सिनच्या जानेवारीत पहाटे तिला खाली नेऊन तिच्या पसंतीची जागा सापडेपर्यंत बर्फात उभं राहणं माझ्याकडे. आणि प्रेम वेंडेलकडे.

रोज संध्याकाळी शाळेतून आलो, की मी तिला फिरायला काढायचो. (मी शाळेत भूगोल शिकवतो. याचा पुढे संबंध येईल, आणि तो माझ्या फारसा फायद्याचा नाही.) आम्ही जिना उतरायचो, फाटकातून बाहेर पडायचो, आणि वेंडेलच्या फाटकासमोर पिरोगी बसकण मारायची. ओढलं तर अंग सैल सोडायची. येणारे-जाणारे माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की जणू मी एखाद्या म्हातारीला जिन्यावरून ढकललं आहे. मग फाटक उघडायचं आणि वेंडेल म्हणायचा, "आली का माझी पोर?"

माझी पोर. हा शब्द तो अगदी सहज वापरायचा. वेंडेल निवृत्त दंतवैद्य. उभ्या हयातीत त्याने गावाला कळा दिल्या, आणि तरी सगळा गाव त्याच्यावर खूश. बायको गेल्यापासून तो आणि त्याचा ॲडमिरल नावाचा लॅब्रॅडॉर असे दोघेच राहायचे. त्याच्यात खोट काढायचा मी मनापासून प्रयत्न केलेला आहे, पण माणूस त्या बाबतीत अजिबात सहकार्य करत नाही. तो दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, की परसाच्या कुठल्याही कोपऱ्यातून ॲडमिरल आणि पिरोगी दोघं धावत येऊन त्याच्या पायाशी बसायची. मी हाक मारली, की पिरोगी आधी माझ्याकडे बघायची, मग सफरचंदाच्या झाडाकडे, मग वेंडेलकडे, त्याची परवानगी आहे का म्हणून.

"राहू दे की अजून थोडा वेळ, नॉर्बर्ट," वेंडेल म्हणायचा. "तुमच्याकडे वरती कुठे पळणार बिचारी?"

या 'बिचारी'ने माझी झोप उडाली. आमच्या गावात, म्हणजे एल्म हार्बरमध्ये, घराबाहेर कुत्र्याला पट्टा हवाच, असा नियम आहे. म्हणजे पिरोगी मोकळी पळायची ती फक्त वेंडेलच्या राज्यात. हातात पट्टा नसताना, वेंडेलच्या नसलेल्या मोकळ्या जागी, ती माझ्याजवळ येते की नाही हे मला माहीतच नव्हतं. एकदा हा प्रश्न मनात आला आणि मग जाईना. शुक्रवारी क्लबात तळलेला मासासुद्धा मी अर्धा टाकला, तेव्हा डार्लीनने काटा खाली ठेवला.

"काय झालंय?"

"कुत्र्यांना मोकळं सोडायला सार्वजनिक बागेत जागा हवी," मी म्हणालो. "लिंडन पार्कमध्ये. कुंपण घालून. गावातल्या सगळ्या कुत्र्यांसाठी."

"सगळ्या कुत्र्यांसाठी?"

"हो. नागरिक म्हणून माझं काही कर्तव्य आहे."

"वेंडेलने आज काय केलं?" डार्लीनने विचारलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी उद्यान खात्यात गेलो. तिथे खिडकीमागे मिसेस व्हँडरहाइड नावाच्या अतिशय गोड बाई बसतात. आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'हं, वेगळीच कल्पना आहे' असं म्हणतात. या शब्दांनी आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत आणि मंजूर झालेला पूल पाण्यात गेला आहे. मिसेस व्हँडरहाइडनी माझं सगळं ऐकून घेतलं, मला एक पेपरमिंट दिली आणि म्हणाल्या, "हं, वेगळीच कल्पना आहे." मी घाम पुसला.

"पण आधी गरज सिद्ध करावी लागेल हो," त्या म्हणाल्या. "आत्ता बागेत पट्ट्याशिवाय किती कुत्री येतात?"

"एकही नाही. तसा नियमच आहे ना."

"मग गरज कुठे दिसतेय?"

"आणि येत असती तर?"

"तर आम्ही मालकांना दंड केला असता," त्या हसून म्हणाल्या. "अजून एक पेपरमिंट घ्या."

मी हार मानणाऱ्यातला नाही. मी म्हटलं, निदान जागा तरी मोजून ठेवू. टेप घेऊन, पिरोगीला घेऊन लिंडन पार्कमध्ये गेलो. आता टेप धरायला दोन हात लागतात, म्हणून मी पट्टा बुटाखाली दाबला. तेवढ्यात बागेचा रखवालदार आला आणि त्याने माझ्या हातात दंडाची चिठ्ठी ठेवली. पट्टा हातात पाहिजे, पायाखाली चालत नाही, असं त्याचं म्हणणं. ती चिठ्ठी घेऊन मी तसाच मिसेस व्हँडरहाइडकडे गेलो आणि म्हणालो, "घ्या. गरज सिद्ध झाली." बाईंनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. अशा तऱ्हेने आमचं प्रकरण पुढे सरकलं, आणि गावात पट्टा न लावल्याची नोंद झालेलं एकमेव कुत्रं म्हणजे पट्टा लावलेली पिरोगी ठरली.

पुढची पायरी म्हणजे शेजाऱ्यांचं मत. आमच्या आळीची सभा चर्चच्या तळघरात भरते. तिथे कॉफी पातळ असते आणि सल्ले घट्ट. मी नकाशे नेले होते, रंगीत, तीन प्रमाणांत. नकाशे कोणी पाहिले नाहीत. मिसेस पॉलीन ग्रूबर यांच्याकडे दोन चिवावा आहेत, दोन्ही मिळून एका पर्समध्ये बसतात. त्यांचं म्हणणं, लहान कुत्र्यांना वेगळा भाग हवा. लगेच मागून कोणी म्हणालं, मध्यम कुत्र्यांनाही हवा. मग एका गृहस्थांनी विचारलं, की ज्यांची कुत्री आकाराने मोठी पण स्वभावाने लहान आहेत त्यांनी जायचं कुठे? यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली. मग जमिनीचा विषय निघाला. गवत ठेवलं तर चिखल होणार, भुसा घातला तर पायात कुसळं जाणार, खडी घातली तर तळवे सोलणार. एका बाईंनी सुचवलं, की कुत्र्यांना मोजे घालावेत. त्या विणून देणार होत्या.

सगळ्यांत शेवटी ऑटो श्मित्झ उठले. लिंडन पार्कच्या त्या कोपऱ्यात घोड्याचे नाल फेकायचा जुना खेळ मांडलेला होता. दोन लोखंडी खुंट्या आणि वाळू. मी तिथे आयुष्यात कोणाला खेळताना पाहिलं नव्हतं. खुंट्यांवर वेली चढल्या होत्या. पण ऑटोनी खोल आवाजात सांगितलं, की हा आमच्या पिढीचा शेवटचा आसरा आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून चार म्हातारे रोज सकाळी घडीच्या खुर्च्या घेऊन तिथे हजर. त्यांतल्या एकाला नाल कुठल्या बाजूने धरायचा हेही माहीत नव्हतं. मी त्यांच्याशी बोलायला गेलो, तेव्हा एक नाल माझ्या नडगीवर बसला. खेळाचा भाग म्हणून, असं ते म्हणाले.

मी लंगडत घरी येत होतो, तर वेंडेल फाटकाशी उभा.

"अरे, ऑटोचं काय एवढं?" तो म्हणाला. "त्याची कवळी मीच बसवलेली आहे. मी बोलतो त्याच्याशी."

"नको, नको," मी घाईने म्हणालो. "माझं मी बघतो."

पण तो बोलला. शनिवारी त्याने चारही म्हाताऱ्यांना परसात बोलावलं, बिअरमध्ये कांदा घालून शिजवलेले आणि मग निखाऱ्यावर भाजलेले ब्रॅट सॉसेज खाऊ घातले. खुंट्या बागेच्या दुसऱ्या टोकाला, झाडाच्या सावलीत हलवायचं ठरलं. त्यांना ती जागा जास्त आवडली. मी गॅलरीतून पाहत होतो. पिरोगी तिथेच होती, वेंडेलच्या खुर्चीखाली, तोंडावर तूप सांडल्यासारखं समाधान. माझी नडगी ठणकत होती, आणि आणखीही काहीतरी ठणकत होतं.

मग आली नगरसभेची जाहीर सुनावणी. तिथे प्रत्येकाला बोलायला मोजकी मिनिटं मिळतात. समोर दिवा असतो. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल म्हणजे बसा. या एका भाषणासाठी मी महिनाभर तयारी केली होती. मला असं वाटत होतं, की या विषयाला भौगोलिक पाया असायला हवा. म्हणून मी सुरुवात हिमयुगापासून केली. मैलभर जाड बर्फाचा थर सरकत सरकत आला आणि त्यातून लिंडन पार्कची सपाट जमीन कशी तयार झाली, हे मी सांगितलं. बर्फ वितळू लागला तेव्हा दिवा पिवळा झाला. तळी तयार झाली तेव्हा लाल झाला. कुत्रा हा शब्द अजून यायचा होता.

मी खाली बसलो. अध्यक्षबाई लिंडग्रेन यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "वेगळीच कल्पना आहे." संपलं, असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात बाहेरच्या बोळात कोणीतरी गळा काढला. तो गळा मी ओळखला. सभागृहात कुत्र्यांना बंदी, म्हणून पिरोगीला बाहेर धरून थांबायला कोणीतरी हवं होतं, आणि डार्लीनने वेंडेलला सांगितलं होतं. का सांगितलं, हे मी तिला अजून विचारतो. दार उघडलं आणि वेंडेल दोन्ही कुत्र्यांसह आत आला. "माफ करा हं," तो म्हणाला. "ही हिच्या माणसाला शोधतेय." पण तेवढ्या वेळात पिरोगीने हिसडा देऊन पट्टा सोडवला होता आणि ती सभागृहात सुसाट सुटली होती, खुर्च्यांखालून, पायांमधून, थेट अध्यक्षबाईंच्या टेबलाकडे. मी ओरडलो, "पिरोगी, इकडे!" ती धावतच राहिली. वेंडेलने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.

पिरोगी जागच्या जागी वळली, त्याच्याकडे गेली आणि बसली. ॲडमिरल शेजारी बसला. सभागृहात टाळ्या पडल्या.

"म्हणजे कुत्री मोकळी असूनही हाकेत राहू शकतात," अध्यक्षबाई म्हणाल्या. "याहून जास्त पुरावा तो काय हवा?" ठराव हात वर करून मंजूर झाला. मी आनंदाने उभा राहायला हवं होतं. मी बसूनच राहिलो. माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. साऱ्या गावादेखत मी हाक मारली होती, आणि ती आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमच्या गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'मैदानाच्या लढ्याचे प्रणेते डॉ. वेंडेल आमुंडसन आणि त्यांची लाडकी कुत्री पिरोगी'. मी संपादकांना फोन केला. ते फार सभ्य गृहस्थ. त्यांनी लगेच दुरुस्ती छापली. ती अशी होती, 'गेल्या अंकातील छायाचित्रातली कुत्री दुसऱ्या कोणाची तरी आहे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' डार्लीनने ते कात्रण फ्रिजवर लावलं. मी काढलं. तिने परत लावलं.

ठराव झाला म्हणजे कुंपण झालं असं नाही. पहिल्या हिवाळ्यात जमीन इतकी गोठली, की खांबांना खड्डेच घेता येईनात. वसंतात खड्डे घ्यायला माणसं आली तर नेमकं तिथेच रानहंसांनी घरटं केलेलं, आणि रानहंसांना उठवणं कायद्याने गुन्हा. मी त्या हंसिणीला रोज जाऊन बघायचो. ती माझ्याकडे बघून फिस्कारायची. पिल्लं निघून गेली तेव्हा आलेलं कुंपण टेनिसच्या मैदानाचं निघालं. ते परत गेलं. मग समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण झाला असेल, हे मी सांगत नाही. गवत, भुसा की खडी यावर समितीचा एक आख्खा हिवाळा गेला. निधीसाठी उन्हाळ्यात ब्रॅट भाजायचा कार्यक्रम व्हायचा, त्यात वेंडेल शेगडीवर आणि मी मोहरीच्या सॉसच्या बाटल्यांवर. लोक त्याच्यासमोर रांग लावून गप्पा मारायचे आणि माझ्यासमोर येऊन "टिशू आहे का?" म्हणून विचारायचे.

कुत्रेवाल्या लोकांची एक रीत आहे. त्यांना एकमेकांच्या कुत्र्यांची नावं पाठ असतात आणि माणसांची माहीत नसतात. ॲडमिरलचे बाबा, चिवावांच्या आई, अशी हाक मारायची. वर्षानुवर्षं ओळख असते, एकमेकांच्या घरी जेवायला जातात, आणि आडनाव विचारायची वेळ अंत्ययात्रेत येते. यात वाईट काही नाही. पण त्या फोटोपासून लोक वेंडेलला पिरोगीचे बाबा म्हणू लागले. मला 'ते नकाशेवाले' म्हणायचे.

असे चार हिवाळे गेले. मी शेजारच्या परसाकडे आणि कॅलेंडरकडे बघत राहिलो, आणि पिरोगीकडे नीट बघायचं राहिलं. एक दिवस लक्षात आलं, की तिचं तोंड पांढरं झालं आहे. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायला लागली होती. आणि हाक मारली की येईना. तशी ती पूर्वीही येत नव्हती, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. डॉक्टरांनी तिच्या कानामागे टाळी वाजवली. ती भिंतीकडे बघत बसली होती. त्यांनी पुन्हा जोरात वाजवली.

"ऐकू येणं जवळपास गेलंय हिचं," डॉक्टर म्हणाले. "वयाने होतं. हातवारे करत जा."

गाडीत मी तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. ज्या मैदानासाठी मी सगळ्या गावाशी भांडलो, त्यात ही धावणार कधी? मला खरंच रडू आलं. हे मी लपवत नाही. पण रडता रडता मनात आणखी एक विचार आला, तोही लपवत नाही. आता हिला शिट्टी ऐकू येणार नाही.

घरी आल्यावर डार्लीनला सगळं सांगितलं, आणि म्हणालो, "वेंडेलला एवढ्यात काही बोलू नकोस."

"का?"

"उगाच कशाला त्याला वाईट वाटायला?"

डार्लीनने माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मी उठून टोमॅटोला पाणी घालायला गेलो.

उद्घाटनाच्या दिवशी लख्ख ऊन होतं. कुंपण उभं होतं, योग्य उंचीचं. एका बाजूला गवत, एका बाजूला भुसा, एका बाजूला खडी, कारण समितीने शेवटी तिन्ही ठेवलं होतं. फीत वेंडेलने कापली. मिसेस व्हँडरहाइड पेपरमिंट वाटत होत्या. मिसेस ग्रूबर पर्समधून चिवावा काढत माझ्या शेजारी आल्या.

"पिरोगीचे बाबा किती छान बोलले, नाही?" त्या वेंडेलकडे हात करून म्हणाल्या. "तुमचं कुत्रं कोणतं?"

मी खाली बोट दाखवलं. पिरोगी माझ्या पायावर बसली होती.

"अय्या," त्या म्हणाल्या, "तुम्ही आज सांभाळताय का तिला?"

अशा मैदानाला दोन फाटकं असतात. पहिल्यातून आत जायचं, ते लावायचं, मधल्या पिंजऱ्यात पट्टा काढायचा, मग दुसरं उघडायचं. त्या मधल्या जागेत मी गुडघ्यावर बसलो. पट्ट्याची कडी मी रोज घरी काढतो, पण तिथे आधी मागचं फाटक नीट लागलंय का ते पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाचं उत्तर मागत होतो, ते आता मिळणार होतं, आणि मला ते नको वाटायला लागलं. मागे लोक खोळंबले होते. मी कडी काढली, पट्टा खिशात घातला, दुसरं फाटक उघडलं.

बाकीची कुत्री बाण सुटावा तशी सुटली. ॲडमिरल सरळ चिखलात जाऊन लोळला. पिरोगी आत आली आणि माझ्या डाव्या पायाशी उभी राहिली. मी एक पाऊल टाकलं, तिने टाकलं. मी थांबलो, ती थांबली. पट्टा सुटलाय हे तिला समजलंच नव्हतं, की समजूनही ती तशी चालत होती, मला माहीत नाही. आम्ही कुंपणाच्या कडेकडेने संथपणे चालत होतो, अगदी रोजच्यासारखे.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून वेंडेलची शिट्टी आली. ॲडमिरल चिखलातून उठून धावत गेला. पिरोगीचा कानसुद्धा हलला नाही.

वेंडेलने पुन्हा शिट्टी मारली. लोक बघायला लागले. ती माझ्या पायाशी, समोर बघत, चालत राहिली. मिसेस ग्रूबर म्हणाल्या, "बघा हं, किती लळा आहे तिला या गृहस्थांचा." माझी छाती फुगली. मी मान जरा वर केली आणि मुद्दाम वेंडेलच्या समोरून जाणारा लांबचा रस्ता घेतला. सगळ्या गावाने बघावं, असं मला वाटत होतं. गावाने बघितलं. संपादक फोटो काढत होते. एवढं सुख मला हिमयुगापासून झालं नव्हतं.

वेंडेलने तिसऱ्यांदा बोटं तोंडाकडे नेली आणि तशीच खाली घेतली. तो बाकावर बसला. मला तो कधी म्हातारा दिसला नव्हता, तेव्हा दिसला. त्याच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. तो रंग मला चांगला माहीत होता, मी तो इतकी वर्षं स्वतः वापरला होता. मला वाटलं होतं, वेंडेलला तो शोभेल. नाही शोभला.

"नॉर्बर्ट," तो लांबूनच म्हणाला. "मी काही केलं का रे तिला? हल्ली फाटकाशीही ओळख दाखवत नाही. मी आतून हाका मारतो, तर मान वळवत नाही."

डार्लीन कुंपणाबाहेर हाताची घडी घालून उभी होती. तिला बोलायची गरजच पडत नाही.

"तिला ऐकू येत नाही, वेंडेल," मी म्हणालो. "महिना झाला. डॉक्टरांनी सांगितलं. मी... माझ्याकडून सांगायचं राहिलं."

"राहिलं?"

"राहू दिलं," मी म्हणालो. "शिट्टी सोड. हात हलव. तिला दिसेल असा, जोरात हलव."

वेंडेल बाकावरून उठला. त्याने दोन्ही हात वर केले आणि विमान उतरवणाऱ्या माणसासारखे हलवले. पिरोगीने बघितलं. तिची शेपटी आधी हलली, मग मागचा सगळा भागच हलला, आणि ती निघाली. धावत म्हणता येणार नाही, पण तिच्या वयाच्या मानाने धावतच. कान मागे, तोंड उघडं. चार हिवाळे ज्यासाठी घालवले ते शेवटी मला दिसलं, फक्त ते वेंडेलच्या दिशेने चाललं होतं. मला मत्सर वाटला. खोटं कशाला बोलू, चांगलाच वाटला. मी माझी जागा सोडली नाही आणि खिशातला पट्टा चाचपत राहिलो.

मैदानाच्या मध्यावर पिरोगी थांबली. वेंडेल हात हलवतच होता. ती मागे वळली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी कोणाला तरी खूण करत असेन म्हणून मिसेस ग्रूबरनी माझ्याकडे पाहिलं, पण मी काहीच करत नव्हतो. पिरोगी खाली बसली. उठायचं नाव नाही. वेंडेलच्या फाटकासमोर बसायची तशीच बसकण मारून, तोंड माझ्याकडे करून.

"काय झालं हिला?" मिसेस ग्रूबरनी विचारलं. "कोणाची वाट बघतेय?"

"तिच्या बाबांची," वेंडेल पलीकडून म्हणाला, आणि त्याने हात खाली घेतले.

माझ्या गळ्यात पट्टा नव्हता, कोणी शिट्टीही मारली नव्हती. मी मुकाट्याने तिच्याकडे गेलो.